दुर्बिणीला न दिसलेले दुखणे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही 'पाळीतले दुखणे आणि त्याचे निदान' असे कागदावर लिहून दिले. दोन दिवसांनी ते सद्गृहस्थ घरी आले. चहा झाला, यंदाच्या उन्हाळ्याविषयी बोलणे झाले, आणि मग ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, फलकावर 'पोटातील दुर्बीण' एवढेच लिहिले तर चालेल का?" आम्ही म्हटले, चालेल. त्यामुळे आज एखादे नवे यंत्र समजून घ्यायला आलेली पुरुषमंडळी येथे बरीच दिसतात. एका परीने हे बरेच झाले. दुखणे बायकांचे खरे. पण ते डॉक्टरकडे न्यायचे की नाही, आणि नेले तर कोणत्या डॉक्टरकडे, हे आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पुरुषच ठरवतात. तेव्हा दुर्बिणीबद्दल आम्ही सांगणार आहोतच, पण त्यापूर्वी ती कशासाठी घालावी लागते ते ऐकून घेतले पाहिजे.

ह्या दुखण्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड आहे, पण त्याला सर्वांच्या तोंडी बसलेला मराठी शब्द अजून झालेला नाही, म्हणून आपण हेच चालवू. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते अंतःस्रावांच्या प्रभावाने जाड होते, रक्ताने भरते, आणि गर्भ राहिला नाही म्हणजे गळून पडते. तीच पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये ह्या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर, भलत्याच ठिकाणी रुजलेले असते. बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, आतड्यावर, मूत्राशयावर. क्वचित थेट छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरसुद्धा.

येथे मावळातले किंवा कोकणातले श्रोते असतील त्यांना भाताचे खाचर ठाऊक आहे. खाचरातले चार दाणे वाहून बांधावर पडले आणि तेथेच रुजले, असे समजा. पाऊस आला म्हणजे तो खाचरात जसा पडतो तसाच बांधावरही पडतो. बांधावरची रोपेही वाढतात. परंतु खाचरातले जास्तीचे पाणी काढून द्यायला वाट ठेवलेली असते. बांधाच्या पोटात मुरलेल्या पाण्याला वाट कोठली? ते तेथेच राहते आणि बांध आतून कुजवते. त्याचप्रमाणे हे भलत्या जागी रुजलेले पेशीजाल अंतःस्रावांना साद देते, सुजते, काही वेळा त्यातून रक्तही येते, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला मार्ग नसतो. भोवतालची जागा दाहाने लाल होते, मग तेथे वण धरतात, आणि एरवी एकमेकांवरून सहज घसरणारी इंद्रिये चिकटून बसतात. बीजकोशात असे जुने रक्त साठले म्हणजे ते घट्ट आणि काळपट तपकिरी होते. त्या गाठीला डॉक्टर मंडळी चॉकलेट सिस्ट म्हणतात. खाण्याच्या पदार्थाचे नाव रोगाला देण्याची ही आमच्या धंद्यातली खोड काही चांगली नव्हे, पण गाठ फुटताना एकदा पाहिली की दुसरे नाव सुचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी सुमारे १० टक्क्यांना हा विकार असतो. जगभरचा हिशेब केला तर सुमारे १९ कोटी स्त्रिया. आणि तरीही दुखायला लागल्यापासून रोगाचे नाव कळेपर्यंत कित्येक वर्षे जातात. सात, आठ, दहा वर्षे गेलेल्या रुग्णा आम्ही स्वतः पुष्कळ पाहिल्या.

ही वर्षे जातात कोठे? ती घरातच जातात. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते. पाळीच्या आधी दोन दिवस कंबर भरून येते, ओटीपोटात कोणी पिळा घालावा तसे होते, मांड्यांपर्यंत कळ जाते, उलट्या होतात, शाळा बुडते. आई म्हणते, आमचंही दुखायचं, आम्ही का कधी अंथरूण धरलं? शेजारीण सांगते, लग्न झालं की थांबेल. लग्न होते. आता पाळीत शौचाला बसतानाही कळ येते, नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखते, आणि ते कोणाला सांगायचे हा प्रश्न पडतो. सासू म्हणते, एक पोर झालं की सगळं मोकळं होईल. पोर होत नाही. कारण ह्या विकारात गर्भ राहायला पुष्कळदा अडचण येते. मग डॉक्टरांच्या खेपा सुरू होतात. कोणी जंत म्हणतो, कोणी आव म्हणतो, कोणी मनाचे खेळ म्हणतो. यांत खोटे कोणीच बोलत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आईचे खरोखरच दुखत होते. साधी पाळी थोडीफार दुखते, हे खरेच आहे. पण जे दुखणे गोळी घेऊनही मुलीला शाळेतून किंवा बाईला कामावरून घरी बसवते आणि वर्षागणिक वाढत जाते, ते 'थोडेफार' नव्हे.

ह्या विकाराला आजचे नाव आणि स्पष्ट रूप देणारा गृहस्थ अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी ह्या गावी काम करीत होता. जॉन सॅम्पसन त्याचे नाव. १९२१ साली त्याने बीजकोशातल्या ह्या चॉकलेटी गाठींवर निबंध लिहिला, आणि १९२७ साली आपली प्रसिद्ध उपपत्ती मांडली: पाळीच्या वेळी थोडे रक्त गर्भनलिकांतून उलट दिशेने पोटात उतरते, त्याबरोबर अस्तराचे जिवंत कण जातात आणि तेथे रुजतात. उपपत्ती साधी आणि चटकन पटणारी होती. आजही ती सर्वांत जास्त मानली जाते, मात्र तिच्यात एक मोठे भोक आहे. त्याकडे आपण पुढे येऊ. सॅम्पसनला हे सर्व दिसले ते पोट उघडून. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. वीतभर छेद घेतल्याशिवाय आत काय आहे हे कळत नव्हते. आणि नुसते दुखते म्हणून कोण शहाणा सर्जन पोट फाडील?

येथून दुर्बिणीची कथा सुरू होते.

१९०१ साली जर्मनीतल्या हँबर्ग येथे निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांची परिषद भरली होती. तेथे ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग नावाच्या डॉक्टराने एका जिवंत कुत्र्याच्या पोटात सुईने हवा भरली आणि मूत्राशय पाहण्याची नळी घालून आतली इंद्रिये पाहून दाखवली. गंमत अशी की केलिंगच्या मनात मूळ विचार पाहण्याचा नव्हता. पोटात रक्तस्राव होत असला तर हवेच्या दाबाने तो थांबेल काय, हे त्याला हवे होते. दाब दिल्यावर आत काय होते ते बघावे म्हणून त्याने नळी घातली. नऊ वर्षांनी, १९१० साली, स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउसने हीच तपासणी माणसांवर केल्याचे प्रसिद्ध केले. त्यातले बरेच रुग्ण पोटात पाणी झालेले होते, म्हणजे नळी घालायला आत आधीच जागा होती.

परंतु पुढली तीस-चाळीस वर्षे ही विद्या रांगतच राहिली. अडचण उजेडाची होती. नळीच्या टोकाला चिमुकला विजेचा दिवा असे. तो तापे, आतड्याला चटका बसण्याची भीती असे, आणि ऐन वेळी तो विझला म्हणजे सर्जन पोटातल्या अंधारात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये राऊल पामर ह्या स्त्रीरोगतज्ज्ञाने बाईचे डोके खाली आणि कंबर वर अशी स्थिती देऊन, पोटात वायू भरून ओटीपोटाची तपासणी पद्धतशीर बसवली. पोटात सुई घालण्याची डाव्या बरगडीखालची जी जागा त्याने सांगितली, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असले म्हणजे आम्ही बेंबी सोडून तेथूनच जातो.

उजेडाचा प्रश्न सोडवण्यात एका भारतीयाचा हात आहे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधन करीत होते. केसाएवढ्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाकवून नेता येते, हे ह्या दोघांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. पुढे अशाच काचतंतूंतून प्रकाशही बाहेरून आत नेता येऊ लागला, तेव्हा दिवा पोटाबाहेर आला आणि आत आला तो निव्वळ थंड उजेड. हॉपकिन्स यांनीच नळीतली भिंगांची रचनाही बदलली आणि चित्र लख्ख झाले. त्यानंतर इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या पॅट्रिक स्टेप्टोने १९६७ साली स्त्रीरोगांतील लॅपरोस्कोपीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हाच स्टेप्टो पुढे १९७८ मधल्या पहिल्या परीक्षानळीतल्या बाळामुळे जगाला ठाऊक झाला.

आपल्याकडे ही नळी दोन वाटांनी आली. एक वाट कुटुंबनियोजनाच्या शिबिरांची. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडी 'दुर्बिणीचे ऑपरेशन' किंवा 'बिनटाक्याचे ऑपरेशन' हे शब्द तेथूनच रुळले. दुसरी वाट निदानाची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या रोगांच्या निदानासाठी लॅपरोस्कोप वापरायला सुरुवात केली. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रियाही १९९० साली त्यांनीच केली. सोनोग्राफी आणि स्कॅन घरोघरचे शब्द होण्यापूर्वी गरीब रुग्णाचे पोट वीतभर न चिरता आत पाहता येणे, ही केवढी मोठी गोष्ट होती हे आमच्या पिढीच्या डॉक्टरांना विचारा.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो, कारण भीती बहुतेक अज्ञानाची असते. रुग्णेला पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी बारीक छेद घेऊन एक विशिष्ट सुई आत घालतात. ही सुई व्हेरेश नावाच्या हंगेरियन डॉक्टराने क्षयाच्या रोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी काढलेली; तिच्या आत एक बोथट दांडी स्प्रिंगवर बसवलेली असते, आणि पोकळीत शिरताच ती पुढे सरकून टोक झाकते. ह्या सुईतून कार्बन डायॉक्साइड भरतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोट तंबूसारखे वर उचलले गेले म्हणजे पाच किंवा दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते आणि खाली एखादे पाच मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून चिमटा. टेबल डोक्याकडे कलवले की आतडी आपोआप वर सरकतात आणि ओटीपोटाची जागा मोकळी होते. मग सावकाश पाहायचे. अपेंडिक्स, यकृत, वरचा पडदा, नंतर गर्भाशय, नळ्या, बीजकोश, प्रत्येक बीजकोश उचलून त्याची खालची बाजू, गर्भाशयामागचा खळगा, मागचे बंध. संशयित जागेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचा. बहुतेक बायका त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. एक-दोन दिवस खांदा दुखतो आणि नातेवाईक घाबरतात, की ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा! उरलेला वायू वरच्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून येतो, म्हणून मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते, एवढेच. तरीही हे ऑपरेशन आहे. आतड्याला, मूत्राशयाला किंवा रक्तवाहिनीला मोठी इजा होण्याचा प्रसंग हजारात एखाद-दोघींवर येतो. हे सांगितल्यावाचून सही घेणे आम्ही गैर समजतो.

येथपर्यंत यंत्राची स्तुती झाली. आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. खरे म्हणजे ती सांगण्यासाठीच हा विषय आम्ही घेतला.

१९८४ ची गोष्ट. आम्ही नुकतेच शिकून जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात लागलो होतो. दुर्बीण हाताळता येते याचा आम्हांला त्या वयाला शोभणारा गर्व होता. एक सव्वीस वर्षांची बाई आली. लग्नाला सहा वर्षे, मूल नाही, आणि पाळीत असे दुखणे की दोन दिवस तिला उठवत नसे. नवरा सोबत होता, सासूही होती. सासूबाईंनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, खरंच काही आहे का, की कामाच्या दिवसांत हिचं असंच?" आम्ही म्हटले, आत पाहूनच सांगतो.

त्या काळी आमच्याकडे पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. एक डोळा मिटून, मान वाकवून, दुसरा डोळा नळीला लावायचा. जे दिसेल ते एकट्या सर्जनला दिसायचे. आम्ही पुस्तकात वाचले होते की एंडोमेट्रिओसिस म्हणजे काळेनिळे डाग, दारू उडाल्यावर भिंतीवर काजळी बसावी तसे. आम्ही काळे डाग शोधले. ते नव्हते. बीजकोशावर गाठ नव्हती, नळ्या मोकळ्या होत्या. गर्भाशयामागे पांढरट ओढल्यासारखे काहीतरी होते, दोन-चार पारदर्शक फोड होते, एके ठिकाणी आवरण जरा लालसर होते. नळी लागून झाले असेल, असे आम्ही मनाशी म्हटले. तुकडा घेतला नाही. कागदावर लिहिले: आंतरिक तपासणीत कोणताही दोष आढळला नाही.

दोन वर्षांनी, १९८६ साली, ऑस्ट्रेलियातल्या जॅन्सन आणि रसेल ह्या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. काळा रंग नसलेल्या पांढऱ्या, लालसर, पारदर्शक, पिवळसर अशा जागांचे तुकडे काढून त्यांनी तपासले होते आणि त्यांतल्या पुष्कळ जागा एंडोमेट्रिओसिसच्याच निघाल्या होत्या. काळा डाग हे त्या रोगाचे जुने, जळून गेलेले रूप. ताजा रोग लालही असतो आणि पाण्यासारखा निर्मळही. आम्ही तो निबंध वाचला तेव्हा आम्हांला तो पांढरा ओढ आणि ते फोड आठवले. पण रुग्णेचा पत्ता शोधून तिला बोलावून घ्यावे, हे काही आमच्या हातून झाले नाही. निबंध उशिरा आला ही सबबही पुरती खरी नाही. खुद्द सॅम्पसनने आपल्या लेखांत तांबड्या-जांभळ्या ठिपक्यांचे आणि फोडांचे वर्णन करून ठेवले होते. मूळ लेखापर्यंत आम्ही गेलो नव्हतो. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीवर आमचा डोळा तयार झाला होता, आणि त्या ओळीत काळा रंग होता.

ती बाई १९९२ साली स्वतःच आली. मुंबईला एका रुग्णालयात तिची पुन्हा दुर्बिणीतून तपासणी झाली होती, तुकडा तपासला गेला होता, रोग गर्भाशयामागच्या बंधांत खोल गेलेला आढळला होता. तिने आमच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक १९८४ चा आमच्या सहीचा आणि एक नवा. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या ह्या कागदानं मी आठ वर्षं घरात खोटी ठरले." सासूने तो कागद जपून ठेवला होता. दुखले म्हणून तिने अंथरूण धरले की तो कपाटातून निघत असे.

आम्ही काय उत्तर देणार? चुकलो म्हटले. ती आणखी थोडा वेळ बसली, चहा मात्र घेतला नाही.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळत आलो. 'दोष नाही' असे लिहिणे आम्ही सोडले. 'आज जे पाहिले त्यात अमुक दिसले नाही' असे लिहितो, आणि रुग्णेबरोबर आलेल्या माणसांना समोर बसवून सांगतो की ह्याचा अर्थ दुखत नाही असा नव्हे. दुसरे म्हणजे, संशय आला की तुकडा घेतो. हे आपल्या देशात अधिकच अगत्याचे आहे. आपल्याकडे ओटीपोटाचा क्षय अजून आहे. त्यातही पांढरे दाणे असतात, इंद्रिये चिकटलेली असतात, मूल राहत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे भासू शकतात आणि उपचार मात्र अगदी वेगळे. आज कॅमेरा आहे, पडद्यावर चार माणसे पाहतात, चित्र साठवून दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते. आमच्या वेळी हे असते, तर शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठांनी कदाचित म्हटले असते, अरे, तो पांढरा भाग जरा पुन्हा दाखव.

आणखी एक गोष्ट दुर्बिणीने शिकवली. पोटभर पसरलेला, सर्व चिकटवून टाकणारा रोग असलेली एखादी बाई काहीच तक्रार करत नाही, आणि एखादीच्या पोटात पाच-सहा बारीक ठिपके असतात व ती गडबडा लोळते. अमेरिकेतल्या वैद्यसंस्थेने रोगाच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत, पण त्या पायऱ्या पसाऱ्याच्या आहेत, वेदनेच्या नव्हेत. 'पहिल्याच पायरीचा आहे, मग एवढं काय' असे कोणी म्हणाले, तर त्यास हे सांगावे.

आणि सॅम्पसनच्या उपपत्तीतले ते भोक. पाळी चालू असताना ज्यांची तपासणी झाली अशा, नळ्या मोकळ्या असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटात रक्त उतरलेले आढळले, असे १९८४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे उलट वाहणे जवळजवळ सर्वांचेच असते. मग दहांतल्या एकीच्याच पोटात ते का रुजते? शरीराची प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, आणि अस्तराच्या पेशींतलाच काही फरक, अशी उत्तरे पुढे आली आहेत. पुरे उत्तर अजून कोणाजवळ नाही.

आता तुम्ही विचाराल, की दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकीच्या पोटात दुर्बीण घालावी काय? पूर्वी आम्ही होय म्हटले असते. आज तसे म्हणत नाही. सोनोग्राफी जाणत्या हाताने केली तर चॉकलेटी गाठ दिसते आणि खोल गेलेला रोगही पुष्कळदा दिसतो, एम.आर.आय.मध्येही दिसतो. युरोपातील मानवी प्रजनन व गर्भविज्ञान संस्थेने २०२२ साली आपल्या मार्गदर्शनात दुर्बिणीला निदानाच्या सर्वोच्च कसोटीच्या जागेवरून खाली आणले. लक्षणे बोलकी असतील तर ऑपरेशनवाचून औषधे सुरू करून पाहावीत, आणि चित्रांत काही न दिसता दुखणे राहिले, किंवा औषधांचा उपयोग झाला नाही, किंवा ती देता येत नाहीत, तर दुर्बिणीकडे वळावे, असा त्याचा आशय आहे. आम्हांला हे पटते. कारण औषधासाठी रोगाचा फोटो हवाच असा हट्ट धरल्यामुळे कित्येकींची वर्षे वाया गेली. पण एक इशारा देणे भाग आहे. आवरणावरचे उथळ ठिपके सोनोग्राफीत सहसा येत नाहीत. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' हा कागद आमच्या १९८४ च्या कागदासारखाच घरात वापरला जाऊ लागला आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या पिशवीत तो हमखास असतो.

दुर्बीण घालायचीच ठरली, तर आधी डॉक्टरांना विचारावे: रोग दिसला तर त्याच वेळी काढणार की नुसते पाहणार? आतड्यापर्यंत गेलेला निघाला तर त्या कामाचा शल्यविशारद हाताशी आहे काय? बीजकोशावरची गाठ काढताना चांगली बीजेही कमी होऊ शकतात, तेव्हा मूल हवे असलेल्या बाईने हे आधीच बोलून घ्यावे. औषधांविषयी थोडक्यात इतकेच, की वेदनाशामके आणि पाळी दाबून ठेवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या यांनी पुष्कळींना आराम पडतो. रोग मुळासकट जातो असे मात्र नाही. ऑपरेशननंतरही तो काहींच्यात परत येतो.

आणि 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ह्या साऱ्याजणींना कोणते विकार होते, याबद्दल आम्ही येथे काही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पोट दुखते ह्या तक्रारीला निदानाआधी ऑपरेशन हे उत्तर आपल्याकडे दिले जाते, आणि ते बाईला सुटका म्हणून सांगितले जाते. एंडोमेट्रिओसिस असेल तर हा सल्ला आणखीच फसवा, कारण हा रोग पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी गेली तरी मागच्या बंधांतला, आतड्यावरचा रोग तेथेच राहतो. खाचर बुजवले म्हणून बांधावरचे भात मरत नाही. काही थोड्या रुग्णांना, सर्व उपाय थकल्यावर आणि बाकीचा रोग काढण्याबरोबर, गर्भाशय काढण्याचा उपयोग होतो. पण तो निर्णय पाहून, तपासून आणि त्या बाईशी बोलून घ्यायचा असतो.

ज्यांच्या घरी अशी मुलगी किंवा सून असेल त्यांना एक घरगुती काम सांगतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन महिने खुणा कराव्यात: पाळी कधी आली, दुखणे किती दिवस आधी सुरू झाले, कोणत्या दिवशी शाळा किंवा काम बुडले, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखले काय, गोळी घेतली तर किती तास बरे वाटले. ते पान फाडून डॉक्टरकडे न्यावे. आमच्या अनुभवात त्या एका पानाने जितक्या वेळा निदानाची वाट दाखवली, तितक्या वेळा फुगीर फायलींनी दाखवली नाही.

१९९२ साली आलेली ती बाई मागल्या वर्षी पुन्हा आली होती. आता तिची साठी उलटली आहे. पाळी कधीच थांबली, दुखणेही बहुतेक शमले. मूल झाले नाही. बहिणीची नात सोबत होती, पंधरा वर्षांची. त्या मुलीने कालनिर्णयाची तीन पाने आणली होती. आम्ही ती वाचत असताना बाई मुलीला म्हणाल्या, "तू सांग गं, हे ऐकतात आता."

वेळ संपल्याची चिठ्ठी चिटणिसांनी पुढे सरकवली आहे. श्रोत्यांपैकी ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी नाव न घालता कागदावर लिहून व्यासपीठाजवळच्या पेटीत टाकावे. उत्तरे आम्ही येथे बसूनच देऊ. भगिनींच्या चिठ्ठ्या आधी घेऊ.